छपरावरचा अर्धा मीटर

कोपऱ्यावरच्या कोंबिनीबाहेर, छत्र्यांच्या स्टँडशेजारी, काल जळणाच्या मोळ्या येऊन पडल्या. चोवीस तास उघड्या असणाऱ्या त्या चकचकीत दुकानातून एरवी दूध, अंडी आणि तयार डबे नेणारे लोक आता या मोळ्या नेतील, नदीकाठी दगडांच्या चुली मांडतील आणि मोठ्या पातेल्यात अळकुड्या नि मांस रटरटत ठेवून दुपारभर गप्पा मारत बसतील. इथे जपानात, सेंदाईत शरद असा येतो. नदीवरून मिसोचा, आंबवलेल्या सोयाबीनचा, वास येतो. फुटपाथवर गिंकोची पिवळी फळं फुटतात आणि त्यांच्या कुजकट घाणीतून नाक दाबून चालावं लागतं. वर बघावं तर तेच झाड सोन्यासारखं उभं असतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बाई दरवर्षी न चुकता म्हणते, "किती छान दिवस आलेत ना, मंजिरी-सान." मी हो म्हणते.

मला या दिवसांत राग येतो. तीन वर्षं झाली, तो कमी झालेला नाही.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत माझे वडील नव्वद दिवसांच्या व्हिसावर माझ्याकडे आले होते. अप्पा दौंडला मालगाडीवर गार्ड होते. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून, हिरवा-लाल बावटा आणि कंदील घेऊन, मागे पळणारे रूळ बघत आलेला माणूस. आई गेल्यावर त्यांचं बोलणं आटलं. दौंडच्या घरात ते दिवसभर खुर्चीत बसून असत. म्हणून मी आग्रहानं बोलावलं आणि इथे आणून दुसऱ्या खुर्चीत बसवलं. नवरा सुहास तेव्हा कंपनीच्या कामावर कावासाकीला राहायचा, महिन्यातून दोनदा यायचा. मी सकाळी ऑफिसला जायची ते अंधार पडल्यावर परत. मधल्या वेळात अप्पा खिडकीतून समोरच्या इमारतीत वाळत घातलेल्या गाद्या मोजायचे.

एका रविवारी मी त्यांना शहराबाहेर भातशेतीतून जाणारी एकेरी लाइन दाखवायला नेलं. दोन डब्यांची छोटी गाडी, स्टेशनं एवढीशी. एका स्टेशनात गाडी थांबली आणि ड्रायव्हरच्या उघड्या खिडकीतून वायरलेसचा खरखराट आला. दूरच्या कंट्रोल रूममधून कुणीतरी काहीतरी विचारलं, ड्रायव्हरनं तेच शब्द परत म्हणून दाखवले. अप्पा जागच्या जागी थांबले.

"ह्यांचाही कंट्रोल असाच ओरडतो का गं?"

"मला काय माहीत, अप्पा."

"ओरडत नाहीये तसा. नीट बोलतोय. पण आहे कंट्रोलच." गाडी गेल्यावरही ते फलाटावर कान देऊन उभे होते. आई गेल्यापासून त्यांनी मला आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

हे बोलणं आपल्यालाही ऐकता येतं, हे मला सुगावारा-सानांनी सांगितलं. बाजारातल्या एका गल्लीत त्यांचं जुन्या रेडिओंचं दुकान आहे. साठी उलटलेला, बारीक, कायम बाह्या दुमडलेला माणूस. त्यांनी एक जुना स्कॅनर काढून दिला. विमानांचं, बोटींचं, रेल्वेचं बोलणं पकडणारा रिसीव्हर, हातात मावणारा. देताना त्यांनी बोट उंचावून बजावलं : ऐकायला कायद्याची हरकत नाही, पण ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही. मी भाषांतर केलं. अप्पा म्हणाले, "म्हणजे ऐकायचं आणि गिळायचं. घरातल्या म्हाताऱ्यासारखं." हे मी भाषांतरित केलं नाही, तरी सुगावारा-सान हसले.

म्हणून आम्ही काय ऐकलं ते मी इथे लिहिणार नाही. कायदा मी पाळते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे हाच प्रश्न आम्हाला चारचारदा विचारला गेला.

गाडीत बसून ऐकायला गेलो तर नुसती खरखर. सुगावारा-सान म्हणाले, ऐकू येणारच नाही, गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. अँटेना बाहेर, छपरावर पाहिजे. मग सुरू झाली अँटेनाची निवड. माझ्या लग्नाचं स्थळसुद्धा घरी इतक्या बारकाईनं पाहिलं गेलं नव्हतं. तीन शनिवार अप्पा आणि सुगावारा-सान दुकानाच्या काउंटरवर समोरासमोर बसले आणि मी मधे दुभाषी. मागच्या दाराच्या कडेला चिमट्यानं बसवायची एक होती. ती सुगावारा-सानांनीच बाजूला सारली : दार उघडलं की तिची दिशा बदलते, आणि गाडीच्या कोपऱ्यात एका बाजूलाच पत्रा मिळतो. काचेला आतून चिकटवायची सोपी होती, पण तिला ऐकायला कमी येतं. एक लांबलचक होती, मीटरभराहून उंच. अप्पांना ती फार आवडली. पण आमच्या इमारतीत गाड्या यंत्रानं एकावर एक रचून ठेवतात. आत शिरताना डोक्यावर दांडी असते, आणि ती कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

"छप्पर म्हणजे अर्धी अँटेना," सुगावारा-सान म्हणाले. "काडी अर्धी, पत्रा अर्धा. म्हणून मधोमध ठेवा. चारी बाजूंनी सारखा पत्रा मिळाला पाहिजे."

अप्पांना हे एकदम पटलं. शेवटी ठरली ती साधी चुंबकाच्या बैठकीची, वर अर्ध्या मीटरची काडी. त्या लाइनवरचा वायरलेस ज्या पट्ट्यात चालतो त्याला तेवढी लांबी बरोबर बसते, दुकानाच्या भाषेत पाव-लहर, असा हिशेब. इमारतीत शिरताना उचलून आत घ्यायची, बाहेर पडलं की परत चिकटवायची. वायर मागच्या दाराच्या रबरातून आत घ्यायची, पण दाराबाहेर तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत आत येत नाही, झोळावरून खाली गळून जातं. हा झोळ अप्पांनी स्वतः दिला, दोनदा सोडून तिसऱ्यांदा मनासारखा. सुगावारा-सानांनी खाली वाकून तो पाहिला आणि मान डोलावली. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. तरी एकेरी लाइनवर पूर्वी ड्रायव्हरच्या हाती टोकन द्यायचे, ते लोखंडी कडं कसं धरायचं, हे दोघांनी काउंटरच्या अल्याड-पल्याड हात लांब करून एकमेकांना दाखवलं. आणि तो हात सारखाच होता.

मग शनिवार-रविवार आम्ही त्या लाइनवर. फाटकापाशी रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवायला थोडी रुंद जागा होती. कापणी झालेल्या खाचरांत भाताच्या पेंढ्या उलट्या टांगलेल्या, पलीकडे एक गिंको. अप्पा स्कॅनर मांडीवर ठेवून डोळे मिटून बसायचे. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. "हा नवा ड्रायव्हर आहे," ते म्हणायचे. "उत्तर द्यायची घाई करतो." कधी नुसते हसायचे. घरी येताना बोलत यायचे : पाटसजवळ गाडीखाली आलेली म्हैस, थंडीत गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये शेगडीवर केलेला चहा, आईनं एकदा रागानं डब्यात नुसतं मीठ भरून दिलं होतं ती गोष्ट. ती गोष्ट मी पंचेचाळीस वर्षांत ऐकली नव्हती.

तिथे आणखी एकजण यायचा. निळ्या टोपीचा, पन्नाशीचा जपानी माणूस. त्याच्या पांढऱ्या व्हॅनवर दोन अँटेना, रस्त्याच्या कडेला कॅमेऱ्याची तिवई. अप्पा गाडीतून उतरले की आधी त्याला हात करायचे, स्टेशनातून जाताना गार्ड करतो तसा सरळ, पूर्ण लांब. तो वाकून नमस्कार करायचा. "आपल्यातलाच आहे," अप्पा म्हणायचे. दिवाळीत मी चकल्या केल्या, तेव्हा कागदी रुमालात चार बांधून ते त्याला देऊन आले. त्यानं दोन्ही हातांनी घेतल्या.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास पोलिसांची गाडी आली. दोघं उतरले. तरुण होते, पांढरे हातमोजे घातलेले, अतिशय नम्र. कुणीतरी फोन केला होता : परदेशी माणसं रुळांजवळ गाडी लावून रेडिओ ऐकत बसतात. "फक्त खात्रीसाठी," धाकटा म्हणाला. नेन नो तामे. हे शब्द त्या दुपारी मी इतक्यांदा ऐकले की अजून कुणी सहज म्हणालं तरी माझ्या मानेवर काटा येतो. फक्त खात्रीसाठी गाडीची डिकी. फक्त खात्रीसाठी माझी पर्स. फक्त खात्रीसाठी, ही अँटेना कशासाठी? काय ऐकता? ऐकलेलं कुणाला कळवता का?

वीस पावलांवर दोन अँटेनांची पांढरी व्हॅन उभी होती. तिच्याकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

आणि मी काय केलं? मी वाकले. मी माफी मागितली. कशाबद्दल ते मलाही माहीत नव्हतं, पण चौदा वर्षांत कंबरेला सवय झाली आहे. वाकताना डोळ्याच्या कोपऱ्यातून मला अप्पा दिसले. ते गाडीतून उतरून त्या पोरसवद्या पोलिसांसमोर पाय जुळवून उभे राहिले होते. साहेब तपासणीला आल्यावर राहायचे तसे, शर्टाचं वरचं बटण लावून.

त्यांचा पासपोर्ट घरी कपाटात होता. पर्यटकानं तो कायम जवळ बाळगायचा असतो. मीच त्यांना म्हटलं होतं, हरवाल, राहू दे घरी. हा दोष माझा. तेवढ्यावर आम्हाला चौकीत नेलं आणि अडीच तास बसवलं. शेवटी एक कागद पुढे आला, एक आणि दोन असे आकडे घातलेल्या दोन ओळींचा. पहिली ओळ : पासपोर्ट जवळ ठेवला नाही. दुसरी : रेल्वेमार्गालगत संशयास्पद रीतीनं रेडिओ ऐकत होतो. खाली : मनापासून खेद, पुन्हा होणार नाही.

"वाचून दाखव," अप्पा म्हणाले. "वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

"पासपोर्टचं आहे, अप्पा."

"आकडे दोन आहेत. दुसरं काय?"

"तेही पासपोर्टचंच."

मी खोटं बोलले. मला घरी जायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग देवनागरीत, ठळक, रेघ ओढून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ढवळत त्यांनी तोच प्रश्न परत विचारला आणि मला खरं सांगावं लागलं. त्यांनी चमचा बशीत ठेवला.

"चार्जशीट नाही माझ्यावर, मंजू," ते म्हणाले. "लागल्यापासून रिटायर होईपर्यंत, एक नाही. आणि इथे मुलीनं फसवून सही घेतली."

खाली जाऊन त्यांनी गाडीतून अँटेना काढून आणली. फडक्यानं पुसली, वायर कोपरावर गुंडाळली आणि सगळं दुकानाच्या खोक्यात होतं तसं भरून ठेवलं. मग परत खिडकीशी जाऊन बसले.

सुहासला फोन केला तर तो म्हणाला, "काढली ना? बरं झालं. आपला पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज चाललाय, मंजू. कशाला नजरेत यायचं?" इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी लिहिलं, तर तासाभरात उपदेशांचा ढीग. आपण इथे पाहुणे आहोत. नियम कडक असतात म्हणूनच देश स्वच्छ आहे. अँटेना हवीच कशाला, त्यांना मोबाइलवर सिरियल लावून द्यायची. एकानं तर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. चौदा वर्षं कर भरून, कचरा सात पिशव्यांत वेगळा करून, शेजाऱ्याच्या अंगणातलं बर्फसुद्धा उपसून मी पाहुणी कशी, हे एकानंही सांगितलं नाही. आणि पाहुणी असले तरी, पाहुण्याच्या बापाला असं उभं करतात का?

मी सोमवारी अर्धी रजा टाकली. सुगावारा-सानांना फक्त सांगायला गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेले, बाह्या सोडून टाय लावून आले आणि दुकानाला कुलूप घातलं.

चौकीत त्या दिवशी एक वयस्कर अधिकारी होता. सुगावारा-सान इतक्या सभ्य भाषेत बोलले की मला अर्धे शब्द नवे होते, पण मुद्दा असा : "ऐकणं हा गुन्हा असेल, तर पहिला मला आत घ्या. आयुष्यभर मी हेच विकतोय. या बाईंची अँटेना मीच बसवून दिली."

अधिकाऱ्यानं फाइल काढली. तक्रार मोघम नव्हती, चांगली तपशीलवार होती, हे पटवायला त्यानं ती वाचून दाखवली. राखाडी गाडी, छपराच्या मधोमध चुंबकी बैठक, त्यावर दीडशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची पाव-लहरीची काडी.

सुगावारा-सानांनी फाइलवरून मान वर केली. मग म्हणाले, "शेतावरचा माणूस फोन करेल तर 'तार' म्हणेल. फार तर 'अँटेना' म्हणेल. पाव-लहर कोण म्हणतं?"

माझ्या डोळ्यांसमोर वीस पावलांवरची तिवई उभी राहिली. आमची गाडी, तिच्या छपरावरची काडी, मागे पिवळा गिंको आणि वळणावरून येणारी दोन डब्यांची गाडी. आम्ही त्याच्या फोटोत येत होतो. एक शब्द बोलला असता तर मी गाडी मागे घेतली असती. अप्पांनी स्वतः हात दाखवून घ्यायला लावली असती. त्याऐवजी त्यानं चकल्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि पोलिसांना फोन केला.

अधिकाऱ्यानं फोन करणाऱ्याचं नाव सांगितलं नाही. नसतंच सांगत. पण दुसरी ओळ काढा, या मागणीसाठी मी तिथून हलले नाही. "गैरसमज झाला असल्यास खेद आहे," तो म्हणाला. असल्यास! "झाला आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि बाकीची टेबलं शांत झाली होती. तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या खेपेला, त्यानं पट्टी घेतली, दुसऱ्या ओळीवर दोन सरळ रेघा मारल्या आणि शेजारी आपला लाल शिक्का उमटवला. प्रत दिली नाही.

घरी येऊन सांगितलं. अप्पा म्हणाले, "लेखी दिलं?"

"नाही."

"मग मी कुणाला दाखवू?"

अप्पा आता दौंडला असतात. या म्हटलं की गुडघ्यांचं सांगतात. पासपोर्टची मुदत संपली, तो त्यांनी नवा केला नाही. सुहासचं म्हणणं, मी विसरायला हवं. आमचा रेसिडेन्सीचा अर्ज मंजूर झाला, त्या दिवशी त्यानं केक आणला. मी तो खाल्ला. माझा राग केकनं जाण्याइतका लहान नव्हता, आणि मला तो घालवायचाही नाही. वाकण्याची सवय मोडायला तो मला उपयोगी पडतो.

पण त्या वर्षीचा शेवटचा रविवार मला सांगायला हवा. मंगळवारी अप्पांचं विमान होतं. गिंको पार झडला होता. मी न विचारता खोकं खाली नेलं, काडी छपराच्या मधोमध ठेवली, वायरला झोळ दिला. अप्पा आले, झोळ बघितला, तो अर्ध्या वितीनं वाढवला आणि गाडीत बसले. पासपोर्ट शर्टाच्या खिशात होता.

फाटकापाशी निळी टोपी होती. मी गाडी आमच्या नेहमीच्या जागी लावली, मुद्दाम तसूभरही मागे न घेता. अप्पा उतरले आणि त्यांनी त्याला हात केला. तसाच, सरळ, पूर्ण लांब.

"अप्पा, त्यानंच फोन केला होता," माझ्या तोंडून निघून गेलं. इतके दिवस मी ते त्यांच्यापासून लपवलं होतं.

"ठाऊक आहे. त्या दिवशी फोनवर बोलताना त्यानं दोनदा या गाडीच्या छपराकडे बघितलं."

"मग हात कशाला केलात?"

"मी करतो. तू करू नकोस." एवढं बोलून ते आत जाऊन बसले.

मी त्याच्याकडे चालत गेले. या देशात अनोळखी माणसाला असं सामोरं कुणी जात नाही. मी म्हटलं, "आमची गाडी तुमच्या फोटोत येत असेल तर मला सांगा. पोलिसांना कशाला त्रास?"

तो माझ्या बुटांकडे बघत राहिला. मग कंबरेत वाकून पुटपुटला, "सुमिमासेन."

"कशाबद्दल?" मी विचारलं. हा प्रश्न इथे विचारत नाहीत. माफी मागितली की संपतं. मी वाट पाहत उभी राहिले. वारा होता, तिवईचा पट्टा फडफडत होता.

"फोनबद्दल," तो म्हणाला. मग आणखी हळू, "तुमच्या वडिलांबद्दल."

मी वाकले नाही. वळले आणि गाडीत येऊन बसले.

"काय म्हणाला?"

"तुमची माफी मागितली."

अप्पांनी मान हलवली. फाटकाची घंटा वाजायला लागली, दांड्या खाली आल्या, आणि मांडीवरच्या स्कॅनरमधून खरखर करत एक आवाज उमटला. अप्पा पुढे वाकले, एक कान त्याच्याजवळ नेला. समोर तो माणूस कॅमेऱ्याला हात न लावता नुसता उभा होता.

"मंजू," अप्पा म्हणाले, "आवाज वाढव."